श्वासाची उतरंड

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते रसायनशास्त्र शिकवत आणि विज्ञान मराठीतून सांगता आलं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, हे मला संयोजकांनी निमंत्रण देतानाच सांगितलं होतं. त्या आग्रहाला जागून मी आजचा विषय घेतला आहे. पृथ्वीच्या हवेत, समुद्रात आणि मातीत जे मोठे बदल चालले आहेत, त्यांत सूक्ष्मजीवांचं काम काय?

हवामानबदल म्हटला की आपल्याला धुराडी, मोटारी आणि वितळणाऱ्या हिमनद्या आठवतात. सूक्ष्मजीव आठवत नाहीत, आणि आठवलेच तर रोगजंतू म्हणून. २०१९ साली जगभरच्या तीसहून अधिक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन मानवजातीला उद्देशून एक इशारा प्रसिद्ध केला. हवामानबदलाची सगळी चर्चा सूक्ष्मजीवांना वगळून चालली आहे, हीच त्यांची तक्रार होती. ती रास्त आहे. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या तीन प्रमुख हरितगृह वायूंचा जमाखर्च मांडायला बसलं, की पानापानावर सूक्ष्मजीव भेटतात. जमेच्या बाजूला तेच आणि खर्चाच्या बाजूलाही तेच.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. सूक्ष्मजीव कोणता वायू बाहेर टाकणार हे दोन गोष्टींवरून ठरतं: त्यांना खायला काय मिळतं आणि त्यांच्यापर्यंत हवा पोचते की नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या दोन्ही गोष्टी आपण पृथ्वीभर बदलून टाकल्या आहेत. हवेतल्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडच्या वाढीचा मोठा भाग हा त्याचा परिणाम आहे.

आधी श्वासाचं गणित पाहू. आपण अन्न खातो, ते प्राणवायूच्या मदतीने जाळतो आणि ऊर्जा मिळवतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूच्या पदरात पडतात. हे इलेक्ट्रॉन घेणारं कुणीतरी असावंच लागतं, एरवी श्वसन थांबतं. आपल्याला प्राणवायूखेरीज दुसरं काही चालत नाही, म्हणून तो काही मिनिटं मिळाला नाही तर आपण मरतो. जीवाणूंची तशी अडचण नाही. प्राणवायू संपला की त्यांच्यातले काही नायट्रेट वापरतात. नायट्रेट संपलं की मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, मग सल्फेट, आणि हेही सरलं की अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइड. घरात कोपऱ्यात रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीसारखा हा क्रम आहे. वरचं मडकं रिकामं झाल्याशिवाय सहसा खालच्याला हात लागत नाही, कारण वरच्यात ऊर्जा जास्त. आणि प्रत्येक पायरीला बाहेर पडणारा पदार्थ वेगळा. प्राणवायूवर कार्बन डायऑक्साइड निघतो. नायट्रेटवर नायट्रोजन निघतो आणि वाटेत नायट्रस ऑक्साइड. सल्फेटवर कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, आणि तळाशी मिथेन. तळाचं हे काम करणारे जीव जीवाणूंपेक्षा मुळातच वेगळे आहेत, हे कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवलं. आज आपण त्यांच्या गटाला आर्किया म्हणतो.

सूक्ष्मजीवांनी पृथ्वीची हवा बदलणं यात नवीन काही नाही. मुळात आज आपण ज्या हवेत बसलो आहोत ती त्यांनीच केलेली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला. तेव्हाच्या बहुतेक जीवांना तो विषच होता. त्यातले जे टिकले ते चिखलात, समुद्रतळाशी, पुढे जनावरांच्या पोटात, म्हणजे हवा नसेल तिथे जाऊन राहिले. मिथेन करणारे आर्किया हे त्यांच्यातलेच. तेव्हाच्या बदलाला कोट्यवधी वर्षं लागली होती. आताचा बदल काही दशकांत होतो आहे, आणि तो सूक्ष्मजीवांनी आपण होऊन सुरू केलेला नाही.

ही उतरंड डोळ्यांसमोर पायरीपायरीने उतरताना पाहायची असेल तर फार लांब जावं लागत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर ती दरवर्षी घडते.

अरबी समुद्राच्या मधल्या भागात, साधारण शंभर-दीडशे मीटर खोलीपासून हजार मीटरच्याही खालीपर्यंत, पाण्याचा एक प्रचंड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळपास नाहीच. १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून झालेल्या जॉन मरे मोहिमेने इथल्या पाण्यात प्राणवायू किती कमी आहे याची नोंद केली होती. पुढे साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने हे चित्र आणखी स्पष्ट केलं. त्याच मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे.

असं का होतं? हा समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे. ध्रुवाकडून येणारं थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी इथे फार लांबून, फार सावकाश आणि वाटेत बराच प्राणवायू गमावून पोचतं. उलट मोसमी वारे खालचं पोषक पाणी वर आणतात, त्यामुळे वरच्या उजेडात वनस्पतिप्लवक अमाप वाढतात. ते मरून खाली पडत राहतात आणि जीवाणूंना खाऊ मिळत राहतो. खाणं भरपूर, हवा तुटपुंजी. मग प्राणवायू संपतो आणि नायट्रेटवर जगणारे जीवाणू कामाला लागतात. खुल्या महासागरात असे मोठे पट्टे जगात तीनच आहेत. दोन पॅसिफिकच्या पूर्व भागात, विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, आणि तिसरा हा आपला.

हा झाला खोल समुद्र. किनाऱ्याजवळचं चित्र याहून नाट्यमय आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वर चढतं. त्याच वेळी वर पाऊस कोसळत असतो आणि सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गोडं पाणी आणून ओतत असतात. काही मीटर जाडीचा हा हलका, गोडसर, उबदार थर वर तरंगतो आणि खालच्या जड पाण्याशी मिसळत नाही. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं एक कायमचं निरीक्षणठिकाण आहे. तिथल्या नोंदींत हा क्रम स्पष्ट दिसतो. पावसाळा पुढे सरकतो तसा तळाचा प्राणवायू संपत जातो. मग नायट्रेट उतरू लागतं. ते संपलं की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हायड्रोजन सल्फाइड दिसू लागतो. पुढे प्रवाहांची दिशा पालटते, वरखालचं पाणी मिसळतं आणि तळाला पुन्हा श्वास मिळतो. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो आणि होड्या लोटतो, नेमक्या त्याच दिवसांत तळाकडची हवा संपत आलेली असते. तळालगतची मासळी आणि कोळंबी अशा पाण्यात थांबत नाही. जिथे हवा शिल्लक आहे तिथे ती सरकते.

२००० साली याच संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाविषयीचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा उथळ समुद्र दरवर्षी असा गुदमरतो, आणि त्यातल्या नायट्रस ऑक्साइडची पातळी समुद्रात तोवर कुठेही नोंदल्या गेलेल्या पातळीपेक्षा जास्त भरली, असं त्यांनी दाखवलं. जमिनीवरून वाहून येणारं नत्र हे संकट वाढवत असावं, असंही त्यांनी सुचवलं. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे बराच खल झाला. माणसाचा वाटा किती आणि मोसमी वाऱ्यांचा स्वभाव किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. याचं एक कारण साधं आहे: जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत. एकाच जागी वर्षानुवर्षं पाणी मोजत राहण्याच्या कामाला फारसं कुणी विचारत नाही. पण कल ओळखायचा तर त्यावाचून गत्यंतर नाही.

नायट्रस ऑक्साइडवर थोडं थांबायला हवं. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू, वजनास वजन धरलं तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता रोखतो. हवेत तो शतकाहून अधिक काळ टिकतो आणि वर जाऊन ओझोनही खातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो हवेत अब्जात सुमारे २७० भाग होता, आज ३३५ च्या वर आहे. आणि तो मुख्यतः सूक्ष्मजीवांच्या हातून येतो. नायट्रेट मोडताना जीवाणू एकेक पायरी उतरतात. शेवटच्या पायरीला नायट्रस ऑक्साइडचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. या शेवटच्या पायरीचं एन्झाइम नाजूक आहे. त्याला तांबं लागतं आणि थोडासा प्राणवायू असला तरी ते अडतं. त्यामुळे जिथे हवा पुरती आहे असंही नाही आणि पुरती नाही असंही नाही, तिथे काम अर्धवट राहतं आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो. पावसाची सर येऊन गेल्यावरचं, नुकताच युरिया पडलेलं शेत ही त्यासाठी अगदी सोयीची जागा.

मोडलं जाणारं हे नायट्रेट अमोनियापासून होतं, आणि ते करणारे जीवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे काढून दाखवले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत शोधली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाउ इथे तिचा कारखाना सुरू झाला. आज कारखान्यांतून दरवर्षी १० कोटी टनांहून अधिक नत्र असं बांधलं जातं. त्यावर कोट्यवधी माणसं जेवतात, हे विसरून चालणार नाही. पण या अमोनियापासून करून शेतात टाकलेल्या युरियाचा जेमतेम तिसरा हिस्सा पिकाच्या वाट्याला येतो. उरलेला हवेत, पाण्यात आणि सूक्ष्मजीवांच्या ताटात जातो.

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपली माणसं आहेत. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं. कडुनिंबातली द्रव्यं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा वेग कमी करतात. त्याआधीचं उदाहरण मला जास्त आवडतं, ते चारसूत्री भातशेतीचं. डॉ. एन. के. सावंत यांनी ती बसवली. तिच्यातलं एक सूत्र असं: युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅम वजनाची गोळी, म्हणजे ब्रिकेट, करायची आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खत फेकलं की ते वरच्या हवेशीर थरात राहतं, तिथे त्याचं नायट्रेट होतं आणि मग ते निसटतं. खोल खोचलं की ते हवा नसलेल्या चिखलात जातं. नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना हवा लागतेच, त्यामुळे तिथे त्यांचं काही चालत नाही. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मुळांना सावकाश मिळत राहतं. जीवाणूंशी झगडण्यापेक्षा त्यांची हवा कुठे संपते हे ओळखून खत ठेवण्यात या रीतीचं शहाणपण आहे.

आता उतरंडीच्या तळाकडे, मिथेनकडे येऊ. औद्योगिक क्रांतीपूर्वी मिथेन हवेत अब्जात सुमारे ७०० भाग होता, आज १९०० च्या वर आहे. तो हवेत दहा-बारा वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात त्याचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास जातो. १९९९ च्या सुमारास त्याची वाढ थांबली होती. २००७ पासून ती पुन्हा सुरू झाली, आणि २०२० व २०२१ मध्ये तर तिने उच्चांक गाठले.

हा वाढीव मिथेन कुठला? त्याचा माग कार्बनमध्येच आहे. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ अशा दोन जातींपैकी सूक्ष्मजीव हलक्या कार्बन-१२ ला पसंती देतात. त्यामुळे खाणीतून किंवा तेलविहिरीतून आलेल्या मिथेनपेक्षा त्यांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी असतो. २००७ पासून हवेतला मिथेन वाढतो आहे आणि त्याच वेळी त्यातला कार्बन-१३ घटतो आहे. म्हणजे नव्या मिथेनचा मोठा भाग दलदलीतून, भातखाचरांतून, गुराढोरांच्या पोटातून आणि कचऱ्यातून येतो आहे. दलदलींचा वाटा इथे विशेष काळजीचा. तापमान आणि पाऊस वाढला की तिथलं काम आपसूक वाढतं, आणि ते बंद करण्याची कळ आपल्या हातात नाही. उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनीत हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन साठलेला आहे. ती जमीन वितळली की तोही सूक्ष्मजीवांच्या ताटात पडेल. ओली दलदल झाली तर मिथेन, कोरडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड. इथेही हवाच निर्णय देणार.

मिथेन करणारे आहेत तसे तो खाणारेही आहेत. भाताची मुळं चिखलात थोडा प्राणवायू सोडतात, त्या बारीक हवेशीर कडेवर मिथेन खाणारे जीवाणू राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आपल्याकडच्या भातखाचरांतून असे जीवाणू वेगळे काढले गेले आहेत. त्यातला एक काकडीच्या आकाराचा निघाला आणि त्याच्या नावातही ती काकडी आली: मिथायलोकुक्युमिस ओरायझी. खाचरात तयार झालेल्या मिथेनचा बराच भाग हे जीव वर येण्याआधीच संपवतात.

मग खाचर अधूनमधून सुकवलं तर? मिथेन घटतो, हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण हवा आत-बाहेर होऊ लागली की नायट्रस ऑक्साइडची अर्धवट पायरी जागी होते. खत बेसुमार असेल तर एका वायूत कमावलेलं दुसऱ्यात गमवावं लागतं. शिवाय कोकणात किंवा मावळात पावसावरच्या खाचरात पाणी केव्हा काढायचं हे शेतकऱ्याच्या हातात असतंच असं नाही. म्हणून एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे जसाच्या तसा नेऊ नये. पाणी आणि खत यांचा विचार एकत्रच करायला हवा.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र अशी गुंतागुंत नाही. ओला कचरा ढिगात दाबला की आतली हवा काही दिवसांत संपते आणि मिथेन तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराडोंगराला लागलेली आग आठवा. अशा आगी धुमसत राहतात त्याला आतला मिथेनही कारण असतो. तोच कचरा उघड्यावर हवेशीर कुजवला तर खत होतो, आणि बंद टाकीत कुजवला तर चुलीला गॅस मिळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस धरून वापरल्याची नोंद आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारं घरगुती संयंत्र तयार केलं. शेणापेक्षा न पचलेलं अन्न या जीवांना कितीतरी पटींनी मानवतं, हे त्यामागचं साधं निरीक्षण. जीव तेच आणि वायूही तोच. फरक इतकाच की एका ठिकाणी तो हवेत जातो आणि दुसऱ्या ठिकाणी शेगडीत.

अशा व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो. मातीतले सूक्ष्मजीव दरवर्षी जेवढा कार्बन हवेत सोडतात तो कोळसा आणि तेलाच्या कार्बनच्या कितीतरी पट असतो, मग माणसालाच दोष का? आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. माती सोडते जवळपास तेवढंच वनस्पती परत घेतात. समुद्रातही तसंच: पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भाग समुद्रात होतो, आणि त्यात प्रोक्लोरोकोकससारख्या, १९८० च्या दशकात कुठे ओळख पटलेल्या, इवल्याशा जीवाणूचा वाटा मोठा आहे. हा व्यवहार हजारो वर्षं जमा तेवढाच खर्च असा चालला होता. आपण जमिनीखालचा कार्बन वर आणून त्यात एकतर्फी भर घातली आणि नत्राची उधळण करून दुसरा हिशेबही बिघडवला. सूक्ष्मजीव गुन्हेगार नाहीत आणि तारणहारही नाहीत. बाटलीतलं जीवाणूखत शेतात ओतून हवामान सुधारेल असं सांगणाऱ्यांपासूनही तितकंच सावध राहायला हवं. खाणं आणि हवा बदलली नाही, तर नवे पाहुणे फार दिवस टिकत नाहीत.

मग आपल्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि ते दिल्ली किंवा जिनिव्हापेक्षा आपल्याच गावात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजानुसार देशातल्या शहरी भागात दिवसाला सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, आणि निम्म्याहून बरंच कमी पाणी शुद्ध होतं. उरलेलं नद्यांत, खाड्यांत आणि शेवटी समुद्रात जातं. ते सूक्ष्मजीवांना मिळणारं आयतं खाणं आहे, आणि आधीच कमी हवा असलेल्या किनाऱ्याला ते परवडणारं नाही. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गुणधर्म असतात. त्यात सूक्ष्मजीवांचा एकही नाही, पण सेंद्रिय कर्ब आहे, आणि तोच त्यांचा शिधा आहे. निदान ती ओळ वाचून युरियाची मात्रा ठरवायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. आणि कांदोळीसमोरच्यासारख्या निरीक्षणांना दरवर्षी पैसे मिळत राहिले पाहिजेत, मग त्यातून बातमी निघो वा न निघो.

ओला कचरा कुठे जाणार, युरिया किती खोल पडणार, सांडपाणी कुठल्या खाडीत सुटणार, हे निर्णय शेतकरी, ग्रामपंचायत आणि नगरपालिका घेतात. कोणता वायू निघणार हे त्याच क्षणी ठरलेलं असतं. पुढची अंमलबजावणी सूक्ष्मजीव करतात, ती चोख करतात, आणि त्यांच्याकडे अपील चालत नाही. म्हणून विचार निर्णयाआधी करायचा.